बाल्कांवावरचे दोन रोट

ते प्रकरण आठवलं की मला आधी धुकं दिसतं, मग एक अंगण, आणि मग त्या अंगणात वाकून झाडणारा एक म्हातारा. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रानं परत आणून टाकलेली माणसं पाहिली. त्यांतलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कुठला पंचनामा कुठल्या मयताचा, हे विचारलं तर मला सांगता यायचं नाही. पण ज्या प्रकरणात काही चोरीला गेलं नाही, कुणाला खरचटलं नाही आणि कोर्टात एक कागदही गेला नाही, तेच पहाटेच्या अर्धवट झोपेत परत परत येतं. नावं कुणाची सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि सुखानं राहतात.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि पेडण्याचं ठाणं माझ्याकडे होतं. मोपाच्या पठारावर विमानतळ सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. सगळा तालुका झोपेत बोलल्यासारखा जमिनीच्या भावांबद्दल बोलत असे. पूर्वी आमच्याकडे काजूच्या बिया कुणी वेचल्या, बांध कुणी सरकवला, असले अर्ज यायचे. आता हद्दीचे दगड, वारसांच्या सह्या आणि दिल्लीहून आलेली गिऱ्हाइकं. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळायला बसलो, की दर दुसरी नोंद कुणाच्या तरी घराची किंवा जागेची असे.

भातकापणीचे दिवस होते. एका बुधवारी दुपारी एक तरुण जोडपं आलं. तो विमानतळावर टॅक्सी चालवायचा. ती आरोग्य केंद्रात परिचारिका. तिच्या खांद्यावर पाच महिन्यांचं बाळ होतं. त्यानं येता येता पहाऱ्यावरच्या शिपायाच्या शिट्टीची दोरी मुठीत धरली आणि सोडेना. ठाण्यात शिरताना एवढा निर्धास्त माणूस मी क्वचितच पाहिला असेल.

“सर, चोरी काय झाली नाय,” तो म्हणाला. “पण आमच्या घराच्या भायर कोण तरी काय तरी ठेवता.”

“काय ठेवतं?”

तिनं पिशवीतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर सोडली. आत तांदळाच्या पिठाचे दोन जाड रोट होते. एक तळहातापेक्षा मोठा, एक अगदी लहान. सोबत एक विडी. माझा हवालदार त्याच तालुक्यातला. तो पुढे वाकून बघत होता, तो एक पाऊल मागे सरला आणि त्यानं टोपी काढली.

“राखणदाराचो रोट,” तो हळूच म्हणाला.

आमच्याकडे प्रत्येक गावाला, कधी कधी प्रत्येक वाड्यालाही, म्हणजे वस्तीलाही, आपला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण काठी टेकत सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो आणि त्याच्या वाटेत कुणी घर बांधलं तर रागावतो, असं लोक मानतात. त्याला रोट आणि विडी ठेवायची ती त्याच्या जागेवर. ती कुणाच्या दारात आपोआप दिसू लागली, तर त्याचा अर्थ एकच काढतात.

हळूहळू सगळं समजलं. त्याचं मूळ घर डिचोलीकडे. तिथे त्याचे वडील एकटेच, आई वारलेली. नोकऱ्यांसाठी ही दोघं मांद्र्याला एका गेस्टहाऊसच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. पर्यटकांचा हंगाम सुरू झाला म्हणून घरमालकाला तुळशीच्या लग्नापर्यंत ती खोली रिकामी हवी होती. दोघांनी वर्षभर वणवण करून पेडण्याच्या बाजूला एका वाड्यावर कौलारू घर घेतलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे बाल्कांव, म्हणजे दाराबाहेरची ओटी, तिच्या दोन्ही बाजूंना बसायचे दगडी बाक, त्यांना सोपे म्हणतात. खरेदीखत झालं होतं. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. तिला बुधवारी सुट्टी असे, म्हणून दर बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास दोघं बाळाला घेऊन साफसफाईला जात. गेले तीन बुधवार बाल्कांवाच्या सोप्यावर हे दोन रोट होते.

“तिथे काय करता दिवसभर?” मी सहज विचारलं.

“काय नाय, सर. नुसती बसतो,” ती म्हणाली, आणि मग सांगत राहिली. पुढच्या खोलीच्या वाशाला पाळणा. न्हाणीजवळ ओव्याचं झाड, बाळाच्या पोटाला लागतं म्हणून. खिडकीतून दुपारी एकच उन्हाचा पट्टा येतो, तो चुलीपर्यंत सरकत जातो. त्या पट्ट्यात बाळाला तेल लावायचं. पठारावरून विमान उठलं की कौलं जराशी किणकिणतात, तेवढी सवय करून घ्यायची. भिंतींना अजून रंग नव्हता, पण ती बोलत होती तोवर मला त्या घरात भाताचा वास येत होता. मी तक्रार लिहून घेतोय हे मी विसरलो होतो.

नवरा मात्र खाली बघत होता. “माका भिरांत वाटता, सर,” तो म्हणाला. “बाबा म्हणतत, वाटेवयल्या घरात ल्हान पोर घेवन जाव नये. दलालाकडे दिल्लीचो एक गिऱ्हाईक उभोच आसा. फुडल्या बुधवारी परत रोट दिसलो तर मी दलालाक फोन करतलंय. घर नको.”

ती त्याच्याकडे वळलीही नाही. मला म्हणाली, “सर, देव असला तर मी पाया पडेन, तो मागेल ते देईन. पण माणूस असला तर तो मला दाखवा. माणसाला भिऊन मी घर सोडायची नाही.”

माझ्या हातात एक आठवडा होता. कायद्याच्या पुस्तकात रोट ठेवण्याला कलम नाही. मी अर्ज घेतला, डायरीत ‘चौकशीवर’ अशी नोंद केली आणि पुरचुंडी कपाटात ठेवली. सकाळी पाहिलं तर मुद्देमालाला मुंग्या लागल्या होत्या.

माझा पहिला संशय दलालावर, आणि त्यात मी चुकलो. गिऱ्हाईक तयार आहे, किंमत चढलेली आहे, जोडपं घाबरून पळालं की फायदा कुणाचा? हिशेब इतका सरळ होता की मी दुसरीकडे पाहिलंच नाही. त्याला ठाण्यात बोलावून दोन तास बसवला. उलटसुलट विचारलं, आवाज चढवला, मध्येच चहाही पाजला. तो घाम पुसत म्हणाला, “सर, माका घर परत होया तर मी दिवसाक धा फोन करीन. रोट भाजपाक माका वेळ खंय आसा? माझी बायल गावाक गेल्यार मी जेवतंय हॉटेलात.” मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस पीठ मळू शकत नाही, हे त्याच्या हातांवरूनच दिसत होतं. मी त्याला सोडला.

खबर मिळाली ती पोदेराकडून. पोदेर म्हणजे सायकलवर टोपली लावून, भोंगा वाजवत दारोदार पाव नि पोय विकणारा. पहाटेच्या गावाची त्याच्याइतकी माहिती कुणालाच नसते. कोण कधी उठतं, कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाचं भांडण झालंय, हे त्याला पावांच्या आकड्यावरून कळतं. शनिवारी सकाळी तो ठाण्यावर पाव टाकायला आला, तेव्हा हवालदारानं त्याला हटकलं.

“त्या घराकडे? एक म्हातारो मनीस येता मां,” तो सहज म्हणाला. “दोन बुधवार बघलंय. पयल्या बसीन येता. माझ्याकडसून एक पोय घेता नि सोप्यार बसान चायेंत बुडयता. माका वाटलां, घरमालक. आंगण झाडीत आसलो.”

“काय करत होता?”

“आंगण झाडीत आसलो. कोनशापासून कोनशापर्यंत.”

तो पाव मोजून देऊन निघून गेला. मी तसाच उभा राहिलो. घाबरवायला आलेला माणूस अंगण कशाला झाडील?

त्याच दिवशी मी वाड्यावर गेलो. राखणदाराचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे ते गृहस्थ खळ्यावर भात वारवत होते. मी रोटांचं वर्णन केलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“दोन रोट? ह्यो आमचो रोट न्हय. आमी एकच ठेवतो. एक रोट, एक विडी. बारको कोणाचो?”

माझा हवालदार म्हणाला, “राखणदाराच्या कुत्र्याचा असेल.”

“आमच्या राखणदाराक कुत्रो ना,” ते म्हणाले. शेजाऱ्याच्या घरी किती माणसं आहेत हे सांगावं, तितक्याच सहजपणे. मग त्यांनी हातानं शेताच्या बांधाकडे दाखवलं. “नि त्येची वाट त्या घराकडसून जायना. ती हय, मेरेवयल्यान. माझ्या आज्यान दाखयलेली.”

जीपमध्ये बसलो आणि मला माझ्या नोकरीची सुरुवात आठवली. डिचोली तालुक्यात एका जत्रेला मी बंदोबस्ताला होतो, नवा कोरा उपनिरीक्षक. एका झाडाखाली एक बाई रोट ठेवत होती आणि माझा बूट बाजूच्या लहान रोटावर पडणार होता. तिनं माझा पाय हातानं अडवला होता. “तो त्येच्या कुत्र्याचो,” ती म्हणाली होती. “त्येका विसारल्यार तो वाट दाखयना.” इतकी वर्षं ती गोष्ट डोक्यात कुठे पडून होती कोण जाणे. त्या दोन-चार गावांपलीकडे मी ती रीत कुठे पाहिली नाही.

मग डिचोलीकडच्या त्या तरुणाचं वाक्य कानात वाजलं. बाबा म्हणतत, वाटेवयल्या घरात ल्हान पोर घेवन जाव नये. उत्तर सापडलं की पोलिसाला आनंद होतो. मला त्या दिवशी झाला नाही.

बुधवारी मी साध्या कपड्यांत, उजाडायच्या सुमारास त्या घराजवळच्या फणसाखाली जाऊन उभा राहिलो. धुकं इतकं की कौलं तेवढी वर तरंगत होती आणि खालचं घर जणू अजून कुणी बांधायचं होतं. लांबून पोदेराचा भोंगा ऐकू येत होता. बस थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं धुक्यातून एक उंच, वाकलेला माणूस आला. त्यानं पिशवी सोप्यावर ठेवली, भिंतीशी लपवलेला हिरांचा खराटा काढला आणि झाडायला लागला. घाई नव्हती. वाकून खडा उचलायचा, बघायचा आणि दगडी गडग्यापलीकडे टाकायचा. मी आयुष्यात इतक्या आरोपींवर पाळत ठेवली, पण गुन्हा बघता बघता शांत वाटावं असं एकदाच झालं. अंगण झाडून झाल्यावर त्यानं हात धुतले, पिशवीतून फडकं सोडलं आणि दोन रोट सोप्यावर मांडले.

मी जाऊन समोरच्या सोप्यावर बसलो. “कुत्रा कुठला हो?” मी विचारलं.

त्यानं लहान रोटाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. “पोलीस मां? बुटांवयल्यान कळता.”

मी त्याला धमकावलं नाही, पण सगळं विचारलं. तो खाणीवर डंपर चालवायचा. खाण बंद पडली, पुढच्या वर्षी बायको गेली. चार खोल्यांच्या घरात तो एकटा. रोट स्वतःच भाजायचा.

“पोरगो मांद्र्याक रवाक गेलो, तेन्ना माका कायच वाटूक ना,” तो म्हणाला. “भाड्याच्या खोलयेतलो मनीस परत येता, सायबा. घर घेतलेलो येना. ह्या चवथीक नातवाक माटोळयेखाला निजयलेलो. वयर बघीत आसलो, फळां, पानां. फुडल्या चवथीक तो हंयची माटोळी बघतलो. माझ्या घरात गणपतीक नि माका, दोगांकच बसूचां लागतलां.”

गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं बांधून टांगतात ती माटोळी. ती मूळ घरातच बांधायची, ही आमच्याकडची रीत. वेगळं घर झालं की कधी ना कधी वेगळी माटोळी होते, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

“आणि त्यासाठी राखणदाराच्या नावानं पोराला भिववलंत?”

“त्येची माफी मागतंय दर खेपेक. देव तो, समजान घेतलो. पोरगो समजान घेतलो काय ना, ठावक ना.”

“मग अंगण का झाडता?”

त्यानं खराटा पुन्हा जवळ ओढला. खराट्याचे हिर हातानं सारखे करत होता.

“फणसाचीं पानां पडतत,” तो शेवटी म्हणाला. “नि खडे आसत बारीक. पोर दोन म्हयन्यांनी रांगूक लागतलां. ढोपरां सोलतलीं त्येचीं.”

मी दुसरीकडे बघायला लागलो. जबाब घेताना पोलिसानं बघू नये अशी एक वेळ असते, ती मला तोवर माहीत नव्हती.

मग मी त्याला सांगितलं, “दहाला ती दोघं येतील. रोट दिसला की तो दलालाला फोन करणार आहे. घर गेलं म्हणून तो तुमच्याकडे परत येईल असं नाही, दुसरी भाड्याची खोली शोधील. मी सांगितलं तर कागद होईल. तुम्ही सांगितलंत तर घरातली गोष्ट घरात राहील. काय ते ठरवा.”

त्यानं रोट उचलून फडक्यात बांधले. मला वाटलं, आता परतीची बस गाठील. पण तो पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला. मी रस्त्यावर जीपशी जाऊन थांबलो. धुकं विरलं, शेतात कापणीची माणसं आली, आणि दहाच्या आत टॅक्सी आली. मला ऐकू काही येत नव्हतं, दिसत तेवढं होतं. म्हातारा उभा राहून बोलला. फडकं सोडून दाखवलं. पोरगा एकदम वळून रस्त्यावर आला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, खांदे ताठ. तो काय करील याची मला धास्ती होती, पण त्यानं खिशातला फोन काढला नाही. सुनेनं कुलूप उघडलं. मग परत येऊन सासऱ्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. बराच वेळ तिघं तीन ठिकाणी उभी होती.

ठाण्यात परतून मी डायरीत लिहिलं: ‘अर्जाची चौकशी केली. सदर प्रकार कौटुंबिक गैरसमजातून. अर्जदारांची कुणाविरुद्ध तक्रार नाही.’

वास्तूला मला आमंत्रण होतं. गेलो, तेव्हा म्हातारा अंगणाच्या कडेला झाडत होता. मुलगा अजून त्याच्याशी बोलत नव्हता, हे सुनेनं मला दारातच हळूच सांगितलं. पूजा झाल्यावर मानकरी गृहस्थ वाड्याच्या रितीप्रमाणे मेरेवर रोट ठेवायला निघाले. आम्ही सगळे मागून गेलो. त्यांनी पानावर एक रोट ठेवला, एक विडी ठेवली, हात जोडले. तेवढ्यात सुनेनं पदराखालून एक लहान रोट काढला.

“हा पण ठेवा,” ती म्हणाली.

मानकऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “आमच्या राखणदाराक कुत्रो ना.”

“आता असू दे एक,” ती म्हणाली. “आमच्या बाबांनी आणलाय. डिचोलीसून चलत इलो तो.”

कुणी हसलं नाही. मानकरी थोडा वेळ शेताकडे बघत राहिले, जणू कुणाला तरी विचारत होते. मग त्यांनी मोठा रोट जरा सरकवला आणि लहानासाठी जागा केली.

परत आलो तेव्हा म्हाताऱ्यानं पुन्हा खराटा घेतला होता. मुलगा त्याच्यापाशी गेला आणि त्यानं तो खराटा त्याच्या हातातून काढून घेतला. “पुरो आतां, बाबा. बसा,” तो म्हणाला. आणि जाता जाता, न बघताच, “चवथीक आमी थंयच येतलों. हंय माटोळी बांधूची ना.” म्हातारा सोप्यावर बसला. सुनेनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं, आणि बाळानं त्याच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं.

लोक विचारतात, नोकरीनं काय शिकवलं. गुन्ह्यामागे लोभ शोधायचा, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मायाही आडवाटेनं जाते, भीती दाखवते, खोटं बोलते आणि त्याच हातानं अंगणही झाडते, हे मला शेवटच्या वर्षी कळलं. माझे वडील माझ्या सरकारी क्वार्टरवर यायचे, तेव्हा सकाळी उठून पुढचं अंगण झाडायचे. शिपायांसमोर मला लाज वाटायची. “बाबा, त्याला माणसं आहेत,” असं मी त्यांना रागावून म्हणायचो. ते आता नाहीत. त्यांच्या हातातून खराटा एकदा तरी नीट काढून घ्यायला हवा होता.

गेल्या वर्षी माझ्या मुलाला मुलगी झाली आणि त्यानं म्हापशाला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. मला दाखवायला नेलं. मी पाण्याचा दाब बघितला, म्हटलं कमी आहे. जिना अरुंद आहे. पश्चिमेचं ऊन थेट आत येतं, लहान पोराला तापायचं. मुलाचा चेहरा उतरत चालला होता, सुनेनं मुलीला घट्ट धरलं होतं. चौथी खोट जिभेवर आली आणि मला तो लहान रोट आठवला. मी म्हणालो, “घ्या. घर चांगलं आहे.”

ताबा मिळाला त्या दिवशी मी पहिल्या बसनं गेलो. फ्लॅटला अंगण नसतं. मी गॅलरी झाडून घेतली.